सॅटेलाइटवरून समुद्र कसा वाचायचा: धानाच्या गावात बसून, एकेक पायरीनं

मागची सहा-सात वर्षं मी भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी बसून जवळपास रोज सकाळी समुद्र पाहतो, कधी मोबाइलवर, कधी शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर. इथून बंगालचा उपसागर सरळ रेषेत ५०० किलोमीटरच्या आसपास आणि अरबी समुद्र साडेसातशे, त्यामुळे सुरुवातीला शेजारच्या काकांनी ओसरीत येऊन विचारलंच होतं, "का पाहून राहिले जी गुरुजी? समुद्र कुठी अन् आपन कुठी?" प्रश्न रास्त होता. पण जूनच्या शेवटी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार असतात, रोवणीला पाणी पाहिजे असतं, आणि ते पाणी घेऊन येणारे कमी दाबाचे पट्टे बहुतेक वेळा बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड करत आपल्याकडे येतात. आणि आपलं पाणी परत तिकडंच जातं, आमच्या नाल्याचं पाणी चुलबंद नदीला, चुलबंद वैनगंगेला, वैनगंगा पुढं प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी उपसागर. तेव्हा समुद्र आपला नाही असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही.

हा लेख ज्यांना कोडिंग येत नाही, महागडा कॉम्प्युटर नाही, पण समुद्राच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यानं पाहायचंय त्यांच्यासाठी. बारावी सायन्सची पोरं, शिक्षक, शेती करणारे, कोणीही. सगळं फुकट मिळतं. फक्त एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या, समोर कुठलाही रंगीत नकाशा आला की आधी विचारायचं: हे मोजलेलं आहे की भरलेलं आहे? याचा अर्थ पुढं पुढं कळत जाईल, आणि मी हे विचारलं नव्हतं तेव्हा काय झालं तेही सांगतो.

पायरी १: सॅटेलाइट नेमकं काय मोजतं ते आधी समजून घ्या

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात, डायरेक्ट वेबसाइट उघडतात. सॅटेलाइट ना तापमान मोजतं ना वारा ना लाटा. त्याच्यापर्यंत पोचतो फक्त प्रकाश, उष्णतेचं किरण किंवा रेडिओ लहरींचा परत आलेला आवाज, बाकी सगळं त्यावरून काढलेलं गणित असतं.

उंचीपासून सुरू करू. आमच्याकडं विहिरीत पाणी किती आहे पाहायला दोराला दगड बांधून सोडतात, दगड पाण्याला लागला की दोरावर खूण करायची. काठ कुठं आहे ते माहीत, दोर किती गेला ते माहीत, वजा केलं की पाण्याची पातळी मिळाली. अल्टिमीटर नावाचं रडार हेच करतं, फक्त दोराऐवजी रेडिओ लहर सोडतं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि फ्रान्सनं मिळून टोपेक्स-पोसायडन सोडलं, ते १३३६ किलोमीटर उंचीवरून फिरायचं आणि दर १० दिवसांनी त्याच रेषेवर परत यायचं. त्याच रेषेवर पुढं जेसन मालिका आली आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून सेंटिनेल-६ मायकल फ्रायलिश आहे. इतक्या उंचीवरून लहर खाली जाऊन परत यायला एका सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही, साधारण ८.९ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळातून समुद्राची पातळी दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकापर्यंत काढतात. दोराचं उदाहरण इथं थोडं अपुरं पडतं कारण विहिरीत दोर सरळ जातो, रेडिओ लहर मात्र हवेतल्या वाफेमुळं उशिरा पोचते, दमट हवेत हा उशीर ३०-४० सेंटीमीटर उंचीची चूक करू शकतो, म्हणून वाफ मोजणारं वेगळं यंत्र त्याच सॅटेलाइटवर बसवलेलं असतं. हवेचा दाबही धरावा लागतो, दाब एक हेक्टोपास्कलनं कमी झाला की समुद्र अंदाजे एक सेंटीमीटर वर येतो. मग भरती-ओहोटी वजा करायची. इतकं सगळं झाल्यावर आपल्याला नकाशा दिसतो.

आपल्याकडचंही एक आहे, सरल, इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांचं, २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्यावरून गेलेलं, आणि त्यावरचं अल्टिका हे केए-बँडमध्ये, म्हणजे जास्त आखूड रेडिओ लहरींवर, चालणारं पहिलं समुद्री अल्टिमीटर. परत येणाऱ्या लहरीचा आकार पाहून लाटांची उंचीही कळते, समुद्र शांत असला तर आवाज एकदम ठक्कन परत येतो, लाटा उंच असल्या तर आधी माथ्यावरून येतो, मग खळग्यातून, म्हणजे हळूहळू चढत येतो.

वारा कसा कळतो ते पाहायला तलावाच्या पाळीवर जा. मी पोरांना दरवर्षी नेतो. सकाळी सहा-साडेसहाला पाणी आरशासारखं असतं, समोरच्या काठावरचं मोहाचं झाड उलटं स्पष्ट दिसतं. मग एखादी झुळूक येते आणि पाण्याच्या एका तुकड्यावर बारीक बारीक सुरकुत्या पडतात, तेवढा तुकडा काळपट दिसतो आणि त्यातलं झाड मोडून जातं. झुळूक सरकली की तो तुकडाही सरकतो. वारा दिसत नाही, वाऱ्याची सुरकुती दिसते. स्कॅटरोमीटर वरून तिरकी रडार लहर सोडतं आणि अशा एक-दोन सेंटीमीटरच्या सुरकुत्यांवरून किती परत येतं ते मोजतं, जास्त परत आलं म्हणजे सुरकुत्या जास्त, म्हणजे वारा जास्त, आणि वेगवेगळ्या बाजूनं पाहिलं की दिशाही काढता येते. इस्रोनं ओशनसॅट-२ वर २००९ ला हे यंत्र पाठवलं, २०१६ ला स्कॅटसॅट-१, आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ईओएस-०६ म्हणजे ओशनसॅट-३.

आता त्याच पाळीवर थांबा आणि पाऊस येऊ द्या. थेंब पडले की पाण्यावर वारा नसतानाही खडबडीतपणा येतो ना? नेमका हाच घोटाळा स्कॅटरोमीटरचा होतो, मुसळधार पावसाखाली वाऱ्याचे आकडे बिघडतात. म्हणून डेटासोबत पावसाची खूण दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय जुलैतला वारा वाचू नका.

तापमानाचं तलावातच कळतं. मे महिन्यात दुपारी दोनला पाण्यात उतरा, कमरेला पाणी कोमट आणि पायाशी गार. इन्फ्रारेड सॅटेलाइटला दिसतो तो फक्त वरचा, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ थर. वारा पडलेला असेल आणि ऊन कडक असेल तर हा थर खालच्या पाण्यापेक्षा चांगलाच गरम असतो, म्हणून शक्य तेव्हा रात्रीचा डेटा घ्यावा. आणि इन्फ्रारेडला ढगाखालचं काहीच दिसत नाही. मायक्रोवेव्हवाल्या यंत्रांना ढगातून दिसतं, जपानच्या जीकॉम-डब्ल्यू वरचं एएमएसआर-२ त्यातलं, पण त्यांचा एकेक ठिपका काही दहा किलोमीटरचा असतो, आणि जोराच्या पावसात व किनाऱ्याजवळ तेही कामाचं नसतं.

चौथी गोष्ट खारटपणा, युरोपचं एसएमओएस २००९ पासून आणि नासाचं एसएमएपी २०१५ पासून ते करतं. अरबी समुद्र ३६ च्या आसपास म्हणजे किलोभर पाण्यात अंदाजे ३६ ग्रॅम मीठ, आणि पावसाळ्यानंतर उत्तर बंगालच्या उपसागरात तीसच्याही खाली. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर पसरतं आणि खालच्या गार पाण्याला वर येऊ देत नाही. उपसागर पावसाळाभर गरम राहण्यामागं हे एक मोठं कारण आहे. आमच्या नाल्याचा वाटा त्यात थेंबाएवढा असेल, पण आहे.

पायरी २: तयारी

फार काही लागत नाही. पाहण्यापुरतं मोबाइलवर चालतं पण नकाशे शेजारी शेजारी ठेवायला लॅपटॉप बरा. नेट गावात दुपारी रडतं, पहाटे पाच ते सात चांगलं चालतं, म्हणून जड काम तेव्हा करा. पृथ्वीभरच्या रोजच्या तापमानाची एकेक फाइल शेकडो एमबीची असू शकते, तेव्हा "डाउनलोड" दिसलं म्हणून दाबू नका, माझा दीड महिन्याचा डेटा पॅक पहिल्याच आठवड्यात असाच गेला. एक वही ठेवा. आणि सगळीकडं वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

पायरी ३: आधी नुसतं पाहा

ब्राउझरमध्ये अर्थ डॉट नलस्कूल डॉट नेट उघडा. डाव्या कोपऱ्यात "अर्थ" लिहिलंय त्यावर टिचकी मारली की मेनू उघडतो. आधी हवा निवडून वारा पाहा. जुलैतली कुठलीही तारीख घ्या आणि आफ्रिकेच्या सोमालियाजवळ बघा, दक्षिणेकडून आलेला वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि अरबी समुद्रावरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. आता जानेवारी लावा. उलटा. मग मेनूतून ओशन निवडा, करंट्स लावा आणि सोमालियाचा प्रवाह पाहा, तोही उन्हाळ्या-पावसाळ्यात ईशान्येकडं आणि हिवाळ्यात नैऋत्येकडं वाहतो, एवढा मोठा समुद्री प्रवाह वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून दाखवलं होतं.

पण लक्षात ठेवा, इथला हलणारा वारा हा मॉडेलनं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गणितानं, काढलेला आहे. सॅटेलाइट, विमानं, फुगे, समुद्रात तरंगणारे बोये यांची मापं मॉडेलला खाऊ घालतात आणि मधल्या जागा ते भौतिकशास्त्राच्या नियमांनी भरतं. वहीत या नकाशासमोर "भ" लिहा. भरलेलं म्हणजे खोटं नाही, चांगलं भरलेलं असतं, पण सॅटेलाइटनं तिथं त्या वेळी पाहिलं होतं असा दावा करता येत नाही.

पायरी ४: तापमान, आणि एका वादळाची खूण

नासा वर्ल्डव्ह्यू उघडा. खात्याची गरज नाही. "ॲड लेयर्स" मध्ये जाऊन सी सरफेस टेम्परेचर शोधा. यादीत बरीच नावं येतील, त्यातलं एल-४ आणि एमयूआर लिहिलेलं घ्या. एल-४ म्हणजे अनेक सॅटेलाइटांची मापं जोडून, भोकं बुजवून तयार केलेला अखंड नकाशा. एल-२ आणि एल-३ मध्ये ढग होते तिथं भोकं तशीच राहतात. दिसायला एल-४ सुंदर, पण शिकायला मी म्हणेन एल-३ सुद्धा शेजारी लावा, म्हणजे त्या दिवशी खरोखर किती समुद्र दिसला होता ते कळतं. जुलैत बंगालच्या उपसागरावर लावून पाहा, बहुतांश भाग रिकामा असतो.

सरावासाठी बिपरजॉय चक्रीवादळ घ्या. २०२३ च्या जूनमध्ये, ६ तारखेच्या सुमारास अरबी समुद्रात तयार झालं आणि १५ जूनच्या संध्याकाळी गुजरातमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. वर्ल्डव्ह्यूमध्ये तुलना करायची सोय आहे, एका बाजूला ४ जून ठेवा, दुसऱ्या बाजूला १७ जून. रंगाची पट्टी २४ ते ३२ अंशांपुरती आवळून घ्या, नाहीतर सगळा समुद्र एकाच लालसर रंगाचा दिसेल आणि तुम्ही म्हणाल काहीच नाही. मधली रेघ इकडून तिकडं सरकवा. वादळ ज्या वाटेनं गेलं त्या वाटेवर पाणी गार झालेलं दिसतं, कारण वादळाचा वारा समुद्र घुसळतो आणि खालचं गार पाणी वर येतं, रवी फिरवली की ताकातलं खालचं वर यावं तसं. एक काळजी घ्या, जूनमध्ये मान्सूनचे वारे सुटले की अरबी समुद्र तसाही गार होत जातो, म्हणून नुसतं "गार झालं" एवढ्यावर थांबू नका, गार पट्ट्याचा आकार वादळाच्या वाटेशी जुळतो का ते पाहा. बंगालच्या उपसागरातल्या वादळांमागं हा पट्टा बऱ्याचदा एवढा ठळक नसतो, वर सांगितलेल्या गोड्या पाण्याच्या झाकणामुळं.

आता माझी चूक. एका जुलैमध्ये पाऊस लांबला होता. मी इन्फ्रारेडचा एका दिवसाचा नकाशा पाहिला, उपसागराच्या उत्तरेला मोठा निळा डाग, आजूबाजूपेक्षा तीन-चार अंश गार. मी दोन-तीन घरी सांगितलं की समुद्र थंड पडलाय, एवढ्यात सिस्टीम बनणार नाही. एकानं त्या भरवशावर मोटारीचं पाणी विकत घेऊन अर्ध्या बांध्यांची रोवणी उरकली. आठवडा व्हायच्या आत उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि बांध्या तुडुंब भरल्या. त्या माणसाचे पैसे गेले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर नीट बसून पाहिलं तेव्हा कळलं की तो निळा डाग पाण्याचा नव्हताच, ढगाची पातळ कड होती. ढगाचा माथा गार असतो, गाळणीतून थोडा ढग सुटला की नकाशात तो गार पाण्यासारखा दिसतो. तेव्हापासून तीन गोष्टी ठरवल्या: एका दिवसाच्या नकाशावरून काही म्हणायचं नाही, गार डाग दिसला की त्याच वेळचा इन्सॅट-३डीआर किंवा ३डीएसचा ढगांचा फोटो शेजारी ठेवायचा, आणि डेटासोबत येणारा गुणवत्तेचा आकडा पाहायचा. तो आकडा शून्यापासून पाचपर्यंत असतो, मी चार आणि पाचच धरतो.

तापमानाबद्दल अजून एक. पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी १९८४ साली सहकाऱ्यांसोबत दाखवलं की आपल्या भोवतालच्या समुद्रावर मोठे ढग जमायला पाणी साधारण २८ अंशांच्या वर लागतं. पण २८ ओलांडलं की ढग येतीलच असं नाही, ही अट फक्त दार उघडते. उपसागर पावसाळ्यात बहुतेक वेळ २८ च्या वरच असतो आणि तरी पावसात खंड पडतोच. म्हणून "समुद्र गरम, पाऊस नक्की" असे व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज पुढं पाठवू नका.

पायरी ५: उंची

युरोपच्या कोपर्निकस मरीन सर्व्हिसचा मायओशन नावाचा व्ह्यूअर आहे, त्यात सी लेव्हल ॲनॉमली शोधा. ॲनॉमली म्हणजे त्या जागेच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर किंवा खाली. हा फरकच का पाहायचा याचं कारण भारी आहे. समुद्राची पातळी मुळात सपाट नाही, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जिथं कमी तिथं पाणी कमी ओढलं जातं, आणि जगातला सगळ्यात खोल असा खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला आपल्याच हिंद महासागरात आहे, शंभर मीटरहून जास्त. हा खळगा जागचा हलत नाही म्हणून सरासरीबरोबर वजा होतो, आणि उरतात ते काही सेंटीमीटरचे बदल, जे खरे हलतात.

नकाशावर गोल गोल लाल-निळे भोवरे दिसतील. लाल म्हणजे फुगलेला, बहुतेक वेळा त्याखाली गरम पाण्याचा जाड थर, कारण गरम पाणी फुगतं. निळा म्हणजे बसलेला, गार पाणी वर सरकलेलं. पाणी या टेकड्यांवरून सरळ खाली उतरत नाही, पृथ्वी फिरते म्हणून उताराला आडवं वाहतं, आपल्या उत्तर गोलार्धात उंच बाजू उजव्या हाताला ठेवून. म्हणजे लाल टेकडीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं. उतार जितका तीव्र तितका प्रवाह जोरात, हे गणित अकरावीच्या पोराला समजतं. वर्षाभराची ॲनिमेशन चालवा आणि सोमालियाजवळ जुलै-ऑगस्टमध्ये काही शे किलोमीटरचा मोठा भोवरा फुगतो तो पाहा, त्याला ग्रेट व्हर्ल म्हणतात.

इथंही मोजलं-भरलं आलंच. अल्टिमीटर फक्त आपल्या पायाखालची बारीक रेषा मोजतं, दोन रेषांमध्ये १०० किलोमीटर आणि जास्त अंतर असतं, मधलं सगळं गणितानं भरलेलं. म्हणून लहान भोवऱ्यांवर या नकाशात विश्वास ठेवू नका. १६ डिसेंबर २०२२ ला गेलेलं स्वॉट यासाठीच वेगळं, ते रेषेऐवजी १२० किलोमीटरचा पट्टा मोजतं, मधोमध थोडी फट सोडून, आणि २१ दिवसांनी परत येतं. त्याला जमिनीवरचे तलावही मोजायचे आहेत, अडीचशे मीटर बाय अडीचशे मीटरपेक्षा मोठे असले की ते त्याच्या मापात येतात. नवेगाव बांध त्यात आरामात बसतो, आपले कितीतरी मालगुजारी तलावसुद्धा.

पायरी ६: खडबडीतपणा

ही माझी आवडती, पण थोडक्यात सांगतो. कोपर्निकस ब्राउझरमध्ये सेंटिनेल-१ निवडा, व्हीव्ही पोलरायझेशन घ्या आणि अंदमानच्या पूर्वेचा समुद्र उघडा. हे रडार असल्यामुळं ढग आणि रात्र आड येत नाहीत, फक्त रोजचा फोटो नसतो. दोन-चार तारखा चाळल्या की समुद्रावर धनुष्यासारखे वाकलेले, एकामागोमाग एक असे लांबच लांब पट्टे दिसतील. त्या लाटा पृष्ठभागावरच्या नाहीतच. त्या खाली, गरम आणि गार पाण्याच्या सीमेवरून चाललेल्या असतात, वर फक्त त्यांच्यामुळं काही ठिकाणी सुरकुत्या दाटतात आणि काही ठिकाणी पुसल्या जातात. तलावातल्या झुळकीसारखंच, फक्त हात खालून फिरतोय. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाश मोकळं असताना वर्ल्डव्ह्यूतल्या साध्या फोटोतही सूर्याच्या चकाकीत त्या दिसतात. इथं वहीत निःशंक "मो" लिहा.

पायरी ७: स्वतःचा आलेख काढा

पाहून झालं की मोजायला लागा. इंडियन ओशन डायपोल, म्हणजे हिंद महासागराच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या तापमानातला फरक, हा विषय घ्या, १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तो मांडला. पश्चिम चौकोन ५० ते ७० पूर्व, १० दक्षिण ते १० उत्तर. पूर्व चौकोन ९० ते ११० पूर्व, १० दक्षिण ते विषुववृत्त. पश्चिमेच्या तापमान-फरकातून पूर्वेचा वजा करायचा. आलेला आकडा धन असला म्हणजे आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम, सुमात्राकडचं गार.

यासाठी एनओएए या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या ईआरडीडीएपी सर्व्हरवर जा आणि ओआयएसएसटी हा समुद्राच्या तापमानाचा संच शोधा, १९८१ पासूनचा डेटा आहे, पाव अंशाच्या जाळीवर. महिन्याची सरासरी मिळाली तर तीच घ्या, रोजचा नको. व्हेरिएबलमध्ये ॲनॉमली निवडा, अक्षांश-रेखांश टाका, दक्षिण अक्षांश उणे लिहा. "स्ट्राइड" नावाचा रकाना असतो, तिथं ४ टाकलं की प्रत्येक चौथा ठिपका येतो, फाइल एकदम हलकी होते आणि एवढ्या मोठ्या चौकोनाच्या सरासरीत फारसा फरक पडत नाही. फाइल प्रकार सीएसव्ही. एक्सेलमध्ये उघडल्यावर पहिली ओळ नावांची, दुसरी एककांची, दुसरी पुसून टाका. पूर्व चौकोनात सुमात्रा-जावाची जमीन येते, तिथं आकड्याऐवजी एनएएन, म्हणजे "आकडा नाही", लिहिलेलं असतं, ते तसंच राहू द्या. आमच्या एका विद्यार्थ्यानं नीटनेटकं दिसावं म्हणून तिथं सगळीकडं शून्य भरलं आणि त्याचा अख्खा पूर्व चौकोन शून्याकडं ओढला गेला, दोन दिवस आम्ही चूक शोधत होतो.

एनओएए सोडून दुसरीकडची फाइल घेतली तर तापमान केल्विनमध्ये असू शकतं, ३०१ दिसलं की घाबरू नका, २७३.१५ वजा करा. आणि उणे ३२७६८ असा आकडा दिसला तर ते "इथं डेटा नाही" असं सांगणारं चिन्ह असतं.

२०१९ चा ऑगस्ट ते नोव्हेंबर काढा, आलेख उंच चढलेला दिसेल, तो फार जोरदार धन डायपोल होता. मग १९९७ काढा. त्या वर्षी प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, दुष्काळाची भीती होती, पण देशाचा मान्सून सरासरीइतका झाला, आणि त्याच वर्षी डायपोलही धन होता. दोन वर्षांवरून नियम बांधू नका, सगळी वर्षं काढा आणि ज्या वर्षी जुळत नाही ती आधी पाहा. एल निनोचं वर्ष २०२३ सुद्धा पाहा, त्या वर्षी डायपोल धन झाला तरी देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला.

पायरी ८: पडताळा

सॅटेलाइटचा आकडा पाण्यात उतरलेल्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय पूर्ण होत नाही. जगभर समुद्रात चार हजारांच्या आसपास आर्गो फ्लोट नावाची तरंगती यंत्रं आहेत, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान-खारटपणा सॅटेलाइटला पाठवतात. हिंद महासागरातल्या आर्गोचं काम हैदराबादची इनकॉइस ही समुद्र-माहिती संस्था पाहते, चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेचे नांगरलेले बोये आहेत. इनकॉइसच्या साइटवर बोयाचं तापमान घ्या, त्याच जागेचं, त्याच दिवसाचं सॅटेलाइटचं घ्या, महिनाभर वहीत शेजारी शेजारी लिहा. अर्धा अंश इकडं-तिकडं चालतं. एखाद्या दिवशी दोन-तीन अंशांचा फरक आला तर तो दिवस सोडू नका, ढग होता का, पाऊस होता का, वारा पडलेला होता का ते शोधा, माझं बरंचसं शिक्षण अशा दिवसांवरच झालंय. इस्रोचा स्वतःचा डेटा अहमदाबादच्या मोसडॅकवर मिळतो, फुकट नोंदणी करावी लागते.

गावात कोणी विचारलं की पाऊस कधी, तर हवामान खात्याचा अंदाज वाचून दाखवा, समुद्राचा नकाशा दाखवून स्वतःचा अंदाज देऊ नका. समुद्र पाहून आठवड्याभरानं आपल्या बांधीत पाऊस पडेल की नाही हे सांगता येत नाही. तो अंदाज कशावरून आला असेल हे समजायला मात्र त्याची फार मदत होते, काकांनाही आता होते, ते मोबाइल घेऊन येतात आणि उपसागरावरच्या गोल फिरणाऱ्या वाऱ्यावर बोट ठेवून विचारतात, "हे भरलेलं होय का मोजलेलं?"

सुरुवात करायची तर पावसाळ्यात नको, मार्च-एप्रिलमध्ये करा, तेव्हा ढग कमी असतात आणि मोजलेलं भरपूर दिसतं, डोळा तयार होतो. आमच्या शाळेची वही दर सोमवारी भरली जाते: तारीख, उपसागराच्या चौकोनाचं तापमान, उंचीचा फरक, तलावाच्या खुंटीवरची पातळी, आणि शेवटचा रकाना मो किंवा भ. गेल्या पावसाळ्यात वही सांभाळणाऱ्या आठवीतल्या पोरीनं जुलैच्या चारही सोमवारी उपसागरापुढं "भ" लिहिलं आणि खुंटीपुढं "मो".